मराठवाड्यातली रेडिओ केंद्रं: काय ऐकतो, जाहिरात कुठं देतो आणि २०२६ मध्ये काय बदलेल

आधी निकाल सांगून टाकतो. आकाशवाणी परभणीला पाचपैकी चार, संभाजीनगरच्या आकाशवाणीला साडेतीन, बीड आणि नांदेडच्या आकाशवाणीला तीन. खासगी एफएमना सगळ्यांना मिळून सकाळी साडेतीन आणि दुपारी बारानंतर दीड. एकाच दुकानाला दोन वेळांचे दोन निकाल कसे, ते पुढं येईलच. खरं दुखणं तिथंच आहे, आणि येत्या वर्षात काय होणार तेही तिथूनच कळतं.

मी बियाणं-खतांच्या एका वितरकाकडं फिरतीवर असतो. कृषी सेवा केंद्रांच्या ऑर्डरी घ्यायच्या, उधारी वसूल करायची आणि मृगाच्या तोंडावर शेठ जाहिरातीला जे काही पैसे सोडतात ते कुठं लावायचे ते बघायचं. त्यामुळं रेडिओ मला दोन्ही अंगांनी दिसतो. गाडीत दिवसभर ऐकतोही मीच, आणि आमच्या वीस सेकंदांच्या स्पॉटचं बिल आलं की लॉगशी, म्हणजे जाहिरात कधी वाजली त्या नोंदीशी, ताडून बघणाराही मीच. "कोण ऐकायलंय रे हे सगळं?" हा शेठचा दरवर्षीचा प्रश्न. त्याचं खरं उत्तर कागदावर कुणाकडंच नाही. श्रोते मोजणारं 'रॅम' रेटिंग मुंबई, दिल्ली, बंगळुरू आणि कोलकाता या चार शहरांपुरतं. आपल्याकडं तसलं मोजमापच नाही. म्हणून प्रत्येक स्टेशनचा मार्केटिंगवाला "आम्हीच नंबर वन" असं छातीठोकपणे सांगतो आणि त्याला खोटं पाडायची कुणाची सोय नसते. माझी पद्धत साधी आहे. दुकानात शिरलो की काउंटरमागं काय वाजतंय ते ऐकायचं. मालकाला विचारायचं नाही, विचारलं की तो आपल्याला बरं वाटेल ते सांगतो.

मोठ्या शहरांत एखादं स्टेशन नव्या गाण्यांवरून जुन्या गाण्यांवर गेलं की त्याची होर्डिंगं लागतात. इकडं तसं काही होत नाही. संभाजीनगरात मिर्ची ९८.३, रेड एफएम ९३.५, माय एफएम ९४.३, नांदेडला रेडिओ सिटी ९१.१ आणि पुन्हा माय एफएम. दुपारी दोन वाजता नुसत्या गाण्यांवरून कोणतं स्टेशन कोणतं ते ओळखून दाखवा, चहा माझ्याकडून. घोषवाक्यंही सगळ्यांची हिंदी: 'बजाते रहो', 'मिर्ची सुनने वाले ऑलवेज खुश', 'जियो दिल से', 'रग रग में दौड़े सिटी'. हिंदीशी आमचं वाकडं नाही, संभाजीनगरात निम्मा व्यवहार हिंदीत चालतो. पण ती हिंदी निराळी. "हौ ना", "नक्को", "कायकू" हे त्या घोषवाक्यांत कुठंच नाही. सकाळचा आरजे शहराचा असेल तर त्याच्या तोंडी असतं.

सगळे एकसारखे का, याचं कारण परवान्यातच आहे. खासगी स्टेशनला स्वतःची बातमी देता येत नाही. आकाशवाणीचं बातमीपत्र काहीही फेरफार न करता लावता येतं, एवढीच सूट. सप्टेंबर २०२३ मध्ये 'ट्राय' या दूरसंचार नियामकानं तासाला दहा मिनिटं बातम्या आणि चालू घडामोडी देऊ द्याव्यात अशी शिफारस केली होती. शिफारस दिल्लीत झाली, मोंढ्याच्या बाजारात काही ऐकू आली नाही. बातमी नाही म्हटल्यावर उरतात गाणी, गप्पा आणि बक्षिसं. मग चौघांच्या दुकानात एकच माल, आणि ग्राहक ज्याची चिठ्ठी आधी लागेल त्याच्याकडं.

आता परभणीबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण मराठवाड्याबाहेरच्याला या केंद्राची किंमत कळत नाही.

आकाशवाणी परभणी, १३०५ किलोहर्ट्झ, मीडियम वेव्ह. १९६८ पासून चालू. एफएमची लहर सरळ रेषेत जाते, डोंगर आडवा आला की संपली. बालाघाटच्या रांगेत शिरलं की हे कळतं, एका वळणावर स्टेशन असतं आणि पुढच्या वळणावर नसतं. मीडियम वेव्ह जमिनीला धरून चालते. जालना सोडलं की संभाजीनगरच्या खासगी स्टेशनांचा जीव जायला लागतो, आणि तिथून पुढं परतूर, सेलू, मानवत या पट्ट्यात १३०५ लागलेलं असतं. माझ्या गाडीतल्या नव्या स्टिरिओला मीडियम वेव्हच नाही. ब्लूटूथ आहे, पेन ड्राइव्हचं भोक आहे, रंगीबेरंगी दिवे आहेत, मीडियम वेव्ह नाही. म्हणून दोन बँडचा छोटा रेडिओ डॅशबोर्डवर रबर लावून बसवलाय. त्याच्या दोन गमती. एक म्हणजे मोबाइलचा चार्जर सॉकेटात घातला की १३०५ वर भुंगा सुरू होतो, चार्जर काढला की निवेदकाचा आवाज स्वच्छ. घराघरांतले एलईडी दिवे आणि स्वस्तातले चार्जर मीडियम वेव्हला असेच छळतात. दुसरी गंमत, रेडिओ आडवा ठेवायचा आणि हळूहळू फिरवायचा. एका दिशेला आवाज भरतो, तिथंच रबर आवळायचा. आतला फेराइट दांडा हाच मीडियम वेव्हचा एरियल, त्याची दिशा जुळली की काम झालं. गाडी वळली की पुन्हा तेच. माझ्या मुलाला हा वेडेपणा वाटतो, आणि त्याच्या जागी मी असतो तर मलाही वाटला असता.

पण ऐकायला मिळतं ते बघा. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ त्याच गावात, १९७२ पासूनचं. तिथले तज्ज्ञ स्टुडिओत येऊन बोलतात. कापसावर गुलाबी बोंडअळी दिसली तर कामगंध सापळे कधी लावायचे, पाच टक्के निंबोळी अर्क घरी कसा करायचा, सोयाबीन पिवळं पडलं तर ते रोगानं की पाणी साचल्यानं. सांगण्याची गती बघा. प्रमाण सांगितलं की निवेदक थांबतो. पुन्हा सांगतो. पुन्हा थांबतो. त्या थांबण्यात कुठंतरी कुणीतरी बिडीच्या बंडलाच्या कागदावर किंवा भिंतीवर कोळशानं आकडा लिहून घेत असतो, हे त्याला ठाऊक असतं. एफएमवर असा दोन सेकंदांचा गप्प तुकडा आला तर लोकांना वाटेल स्टेशन बंद पडलं.

सेलूकडच्या एका दुकानदारानं मला एकदा स्पष्ट सुनावलं. त्याच्या काउंटरवर १३०५ चालू होतं आणि मी त्याला आमच्या एफएमवरच्या नव्या जिंगलबद्दल सांगत होतो. म्हणाला, "सायेब, तुमचं गाणं लई भारी हाय, पोरं गुणगुणतेत. पण बॅगचं नाव इचारलं तर सांगता येत नाही एकालाबी. हे बगा, यानं सकाळी औषिदाचं नाव सांगितलं, दुपारपस्तोर चौघं इचारून गेले." चौघं म्हणजे खरंच चारजण, की बोलायची पद्धत, ते सोडा. मी तेव्हापासून जिंगलला पैसे कमी केले.

परभणीची कमजोरीही सांगायला हवी, नाहीतर हे परीक्षण आरतीसारखं वाटेल. संगीताच्या वेळा जुन्या वळणाच्या आहेत, तरुण पोरगं तिथं थांबत नाही. खरी अडचण ऐकण्याच्या यंत्राची आहे. मोबाइलमध्ये मीडियम वेव्ह येत नाही. दोन बँडचा रेडिओ विकणारी दुकानं तालुक्याच्या गावी कमी होत चालली, दुरुस्त करणारे तर त्याहून कमी. उपाय आहे तो 'न्यूज ऑन एअर' अ‍ॅपचा. देशभरातली दोनशेच्या वर आकाशवाणी केंद्रं त्यावर लागतात, परभणीही लागतं. पुण्यात हिंजवडीला नोकरीला असलेला माझा भाचा तिथून परभणी ऐकतो आणि इकडं गावात बसलेल्या त्याच्या आजोबांना नेटवर्क नसल्यानं अ‍ॅप चालत नाही. आजोबांकडं रेडिओ आहे म्हणून ठीक.

परभणीबद्दल माझा २०२६ चा अंदाज: १३०५ बंद होणार नाही. पण देशात ठिकठिकाणी मीडियम वेव्हचे जुने ट्रान्समीटर बंद होत गेले आहेत, त्यामुळं मी ही खात्री एका वर्षापुरतीच देतो. कार्यक्रमांच्या वेळा कमीजास्त होतील, दुसऱ्या केंद्राचे कार्यक्रम सहक्षेपित करण्याचं प्रमाण वाढेल, शेतीचे कार्यक्रम मात्र हलणार नाहीत. ते हलले तर मी शेठना सांगून परभणीचा पैसा भिंती रंगवण्यावर लावणार.

संभाजीनगरच्या आकाशवाणीचं, १०१.७ चं, कौतुक वेगळं आहे. स्वातंत्र्याच्या वेळी देशात संस्थानांची म्हणून जी पाच रेडिओ केंद्रं होती त्यात म्हैसूर, त्रिवेंद्रम, हैदराबाद, बडोदा यांच्या जोडीला औरंगाबाद होतं, हे शहरातल्या निम्म्या लोकांना माहीत नसतं. आज या केंद्राची खरी ताकद प्रादेशिक बातम्या. जिल्ह्याचं नाव, धरणातला साठा, कृषी उत्पन्न बाजार समितीतली आवक, हे एका दमात सांगणारं दुसरं माध्यम माझ्या तरी गाडीत नाही. वाचणाऱ्यांचे उच्चार अजूनही नीट असतात. जून २०२३ मध्ये पुण्याचा वृत्त विभाग बंद करून तिथलं सकाळी ७.१० चं बातमीपत्र संभाजीनगरहून द्यायचा निर्णय झाला होता. पुणेकरांनी आरडाओरडा केला, वर्तमानपत्रांनी उचलून धरलं, आणि केंद्रीय मंत्र्यांनी निर्णय थांबवला. तेव्हा आमच्याकडं काहींना आनंद झाला होता की पुण्याची बातमी आता आपण सांगणार. मला तेव्हाही धास्तीच वाटली होती. आज पुण्याचं इकडं येतं म्हणजे उद्या इकडचं मुंबईला जाऊ शकतं. आणि गेलं तर आपल्यासाठी आरडाओरडा करायला पुण्याएवढी वर्तमानपत्रं नाहीत. २०२६ मध्ये संभाजीनगरचा वृत्त विभाग राहील असं मी म्हणतो. मात्र मनोरंजनाचे तास केंद्रातच तयार होण्याऐवजी बाहेरून येणारे जास्त होतील.

बीड १०२.९, नांदेड १०१.१, आणि धाराशिवचं केंद्र यांबद्दल थोडक्यात. आवाज स्वच्छ, माणसं प्रामाणिक, स्थानिक कलावंतांना माइक मिळतो. पण स्थानिक तास मोजकेच, बाकी वेळ दुसरीकडचं सहक्षेपण. जेव्हा स्वतःचं असतं तेव्हा ऐकावं. बीडवर ऊसतोड मजुरांच्या स्थलांतराच्या दिवसांत त्यांच्यासाठी रोजचा एखादा निरोपाचा कार्यक्रम झाला पाहिजे, कुणीतरी मनावर घ्यावं. टोळी कोणत्या कारखान्यावर गेली, मागं राहिलेल्या पोरांचं वसतिगृह कुठं, एवढं सांगितलं तरी पुरे.

आता खासगी एफएमच्या त्या दोन निकालांकडं येतो.

सकाळी सात ते अकरा स्टेशनात माणूस बसलेला असतो. क्रांती चौकात जाम आहे, जालना रोडवर वाहतूक वळवली आहे, आज कुणाचा बर्थडे आहे, क्रिकेट, टोमणे. ऐकायला मजा येते. बारानंतर हळूच काहीतरी बदलतं आणि लोकांना ते चटकन लक्षात येत नाही. ते पकडायची खूण सांगतो: वेळ. सकाळचा आरजे दर दोन-तीन गाण्यांनी किती वाजले ते सांगतो. दुपारचा आवाज वेळ सांगत नाही, कारण तो आवाज आधीच रेकॉर्ड झालेला असतो, दुसऱ्या शहरात, आणि एकाच वेळी पाच-दहा गावांत वाजत असतो. त्याला वेळ सांगता येत नाही, पाऊस सांगता येत नाही, गल्ली सांगता येत नाही. मागं पावसाचा खंड पडलेला, दुबार पेरणीच्या भीतीनं दुकानात बसलेली माणसं एक शब्द बोलत नव्हती, आणि रेडिओतली बाई लाडात म्हणत होती की बाहेर काय मस्त पाऊस पडतोय, भजी तळली की नाही. दुकानदारानं उठून रेडिओ बंद केला. कोणतं स्टेशन ते सांगत नाही, ती बाई तरी काय करणार, तिच्या खिडकीबाहेर पडत असेल.

जाहिरातदार म्हणून माझं भांडण याहून नेमकं आहे. एका खासगी स्टेशननं आम्हाला स्पॉटवर 'बोनस स्पॉट' दिले. कागदावर दुप्पट जाहिरात, पैसे तेवढेच. शेठ खूश. मी लॉग मागवला तर बोनसवाले सगळे रात्री अकरानंतर. रात्री साडेअकराला सोयाबीनचं बियाणं घ्यायला कोण उठतंय? मार्केटिंगचा पोरगा चांगला आहे, म्हणाला, "सर, ट्रकवाले ऐकतात." ट्रकवाल्याला तीस किलोची बॅग नको असते.

या मंडळींचं पुढच्या वर्षी काय? कुणी गाशा गुंडाळेल असं मला वाटत नाही. जुन्या खासगी स्टेशनांचे परवाने १ एप्रिल २०१५ पासून पंधरा वर्षांसाठी नव्या धोरणात आले, म्हणजे मार्च २०३० पर्यंत त्यांचे पैसे अडकलेले आहेत. दुकान सोडता येत नाही आणि धंदा मंद, अशा वेळी मालक काय करतो? दिवे कमी लावतो, नोकर कमी करतो. म्हणून माझे अंदाज असे. स्थानिक आरजेचे तास सकाळपुरते उरतील, संध्याकाळचा शोही बाहेरून येईल. गाणी जुनी होत जातील, नव्वदच्या दशकाकडं सरकतील, कारण दुकानाच्या गल्ल्यावर बसणारा माणूस त्या वयाचा आहे आणि कॉलेजातली पोरं इअरफोन लावून भलतंच काही ऐकतात. तसंही बऱ्याच नव्या मोबाइलला वायरच्या इअरफोनचं भोक राहिलेलं नाही, आणि ती वायरच एफएमची एरियल होती. केंद्र सरकारनं २०२३ मध्ये मोबाइल कंपन्यांना एफएमची सोय चालू ठेवा असं बजावलं खरं, पण भोकच नसेल तर चालू काय ठेवणार.

तिसरा अंदाज मराठीचा. मराठी गाण्यांचं प्रमाण वाढेल, पण प्रेमापोटी नाही, जाहिरातदारापोटी. मोठ्या कंपन्यांचा पैसा आटला की स्टेशन सराफाकडं, प्लॉटिंगवाल्याकडं, क्लासवाल्याकडं जातं, आणि तो म्हणतो मराठीत बोला. जानेवारीतल्या महापालिका निवडणुकांचा पैसा येईल आणि जाईल, त्यावरून कुणी वर्षाचं गणित मांडू नये. खरी परीक्षा एप्रिलमध्ये. १४ एप्रिलच्या आधीचा आठवडा संभाजीनगर आणि नांदेडात रस्त्यारस्त्यावर भीमगीतं वाजत असतात, कव्वालीच्या ठेक्यातली, ढोलकीवरची, आता डीजेवरचीही. जे स्टेशन तो आठवडा मनापासून करेल, गायकांना स्टुडिओत बोलावेल, त्याचा श्रोता वर्षभर हलणार नाही. एक दिवसाच्या शुभेच्छा आणि एक गाणं लावून मोकळं होणाऱ्याला तेवढंच मिळेल. १७ सप्टेंबरच्या मुक्तिसंग्राम दिनाचंही तसंच आहे. गावोगावी त्या लढ्यातल्या माणसांची घरं आहेत, नातवंडांकडं गोष्टी आहेत. एका स्पॉटमध्ये बिगुल वाजवून तो दिवस साजरा होत नाही.

आणि एक गोष्ट कुणीच का करत नाही ते मला कळत नाही. बातमीला बंदी आहे, पण खासगी एफएमच्या नियमांतच लिहिलंय की वाहतूक, हवामान, परीक्षा, निकाल, प्रवेश, नोकऱ्या, आणि वीज-पाणी, नैसर्गिक आपत्ती यांच्या प्रशासनानं दिलेल्या सूचना ही बातमी धरली जात नाही. संभाजीनगरात नळाला पाणी किती दिवसांनी येतं हे मी सांगायला नको. जायकवाडी उशाशी आणि शहर टँकरच्या पाठीमागं. रोज सकाळी साडेसात आणि रात्री नऊला 'आज कोणत्या वॉर्डात पाणी' एवढं दोन मिनिटं सांगा. नियमात बसतं, खर्च नाही, आणि शहरातली प्रत्येक बाई त्या दोन मिनिटांना रेडिओ लावेल. टाक्यावाला, मोटारवाला, आरओवाला स्पॉन्सर मिळेल तो वेगळाच. २०२५ च्या सप्टेंबरात अतिवृष्टीनं मराठवाडा धुऊन निघाला, तेव्हा कोणता पूल पाण्याखाली गेला हे मला व्हॉट्सअ‍ॅपच्या खऱ्याखोट्या व्हिडिओंतून शोधावं लागत होतं. माझा अंदाज, किंवा इच्छा म्हणा: २०२६ मध्ये निदान एक खासगी स्टेशन पाण्याच्या वेळापत्रकावर येईल. जे आधी येईल त्याला माझे दीडचे तीन.

नांदेडचं गणित वेगळं आहे. तिथं मराठी, हिंदी, पंजाबी, तेलुगू एकाच चौकात ऐकू येतं. देगलूर-बिलोलीकडं गेलं की तेलुगू स्टेशनं घुसतात, उमरगा-निलंग्याकडं कन्नड. सीमेवरच्या हॉटेलवाल्याला भाषेचं सोयरसुतक नसतं, जे स्वच्छ लागेल ते लावतो. नांदेडच्या स्टेशनांनी पुणे-मुंबईचा शो आणून लावण्यापेक्षा हजूर साहिबला येणाऱ्या यात्रेकरूंसाठी सकाळचा एक तास काढला तर तो तास हॉटेल आणि ट्रॅव्हल्सवाले विकत घेतील. होईल असं वाटत नाही.

लातूरकर मला नेहमी विचारतात, आमच्याकडं खासगी एफएम कधी? केंद्रीय मंत्रिमंडळानं ऑगस्ट २०२४ मध्ये २३४ नव्या शहरांत ७३० वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली. राखीव किंमत ७८४.८७ कोटी, आणि वार्षिक शुल्क एकूण महसुलाच्या ४ टक्के. त्या यादीत लातूर, धाराशिव आणि उदगीर आहेत. यादीत नाव असणं आणि टॉवर उभा राहणं यांत मोठं अंतर असतं. लिलाव, परवाना, स्टुडिओ, माणसं. २०२६ मध्ये लातूरच्या गंजगोलाईत स्वतःचं खासगी स्टेशन वाजेल यावर मी पैज लावणार नाही. पण झालंच तर ते गाण्यांवर नाही, क्लासवर चालेल. 'लातूर पॅटर्न'च्या शहरात नीटचा निकाल, प्रवेशाची फेरी, वसतिगृह, मेस हेच कार्यक्रम आणि हेच जाहिरातदार, आणि वर सांगितल्याप्रमाणं परीक्षा-प्रवेश तर नियमात बसतात. उदगीरला तीन लाखांचा स्टुडिओ करून कुणी स्थानिक माणूस उतरला तर मी पहिला स्पॉट देईन. मुंबईची साखळी उतरली तर लॉग बघून देईन.

डिजिटल रेडिओचं एवढ्यात मनावर घेऊ नका. 'ट्राय'नं ऑक्टोबर २०२५ मध्ये ज्या तेरा शहरांपासून सुरुवात करा म्हटलंय त्यात पुणे आणि नागपूर आहेत, मराठवाड्यातलं एकही नाही. कम्युनिटी रेडिओकडं, म्हणजे संस्थांनी चालवलेल्या छोट्या स्थानिक केंद्रांकडं, मात्र लक्ष ठेवा. संभाजीनगरात एमजीएम शिक्षणसंस्थेचं केंद्र ९०.८ वर आहे. या केंद्रांचा पल्ला लहान, शहराबाहेर पडलं की संपला, पण २०२४ च्या नव्या नियमांनी त्यांना तासाला सातऐवजी बारा मिनिटं जाहिरात घेता येते. एखाद्या गल्लीतल्या दुकानाला, ज्याचं गिऱ्हाईकच पाच किलोमीटरच्या आतलं आहे, तिथं पैसे लावणं परवडतं. आम्हाला नाही परवडत, आमचं गिऱ्हाईक शिवारात.

तर येत्या मृगासाठी मी शेठपुढं जो कागद ठेवलाय त्यात परभणीला सगळ्यात मोठा वाटा आहे, शेतीच्या कार्यक्रमाच्या मागंपुढं. संभाजीनगरच्या आकाशवाणीला बातम्यांच्या आधीची वेळ मिळाली तर. खासगीमध्ये एकाच स्टेशनला, फक्त सकाळी सात ते अकरा, रेकॉर्ड केलेली जिंगल नको, आरजेनं स्वतःच्या तोंडानं नाव घ्यायचं, आणि रिलीज ऑर्डरवरच, म्हणजे जाहिरातीच्या मागणीपत्रावरच, लिहायचं की बोनस स्पॉट सूर्य मावळायच्या आत वाजले नाहीत तर बिलातून वजा. मार्केटिंगचा पोरगा हसला, पण त्यानं ओळ खोडली नाही. हिंगोली आणि औंढ्याकडं दुपारच्या उन्हात १३०५ कसं येतं ते मला अजून नीट समजलेलं नाही, तिकडचं कुणी रोज ऐकत असेल तर वेळेसकट सांगा, त्यावर वसमतचा हिशेब ठरणार आहे.